आधी जमीन वाचा, मग घोडा काढा

रात्रीचा वर्ग भरला होता. गुरुजींनी फळ्यावर दोन वाकड्या रेघा काढल्या. एक वर, एक खाली. उजव्या हाताला त्या दोन्ही रेघा एकमेकींना मिळाल्या.

"हे काय आहे, सांगा पाहू?" गुरुजींनी विचारले.

"नद्या!" काकू म्हणाल्या. "वरची जुई, खालची केळना. आपल्याच की!"

"बरोबर. आणि ह्या दोघींच्या मध्ये, जुईच्या काठाला जे गाव आहे, ते कोणते?"

"असई," आबा म्हणाले. "लढाईचं गाव."

असई हे गाव जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदनच्या बाजूला आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज होती. दुसऱ्या बाजूला इंग्रजांची. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली.

त्या दिवशी वर्गात बापूने एक गोष्ट काढली. बापू म्हणजे वर्गातला सर्वांत तरुण. त्याच्या चुलत्याकडे वरातीचे दोन घोडे आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, आपण दहाजण घोड्यावरून असईचं रान बघू या. इंग्रज ज्या वाटेनं आला, त्याच वाटेनं. आणि लढाई झाली त्याच दिवशी, २३ सप्टेंबरला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू मात्र गप्प होत्या.

"काकू, तुम्हाला पसंत नाही का?" गुरुजींनी विचारले.

"पसंत कसं असेल, गुरुजी? माझं वावर नदीच्या काठाला. मागं काही पोरं मोटारसायकली घेऊन आली. रान बघायला म्हणून आली आणि माझ्या ज्वारीतून वाट पाडून गेली. दोन पाभरी भुईसपाट झाली. कुणाला विचारू, कुणाला सांगू? आता तर घोडे येणार!"

वर्ग शांत झाला. बापूने मान खाली घातली.

गुरुजी म्हणाले, "काकूंचे म्हणणे खरे आहे. म्हणून आजचा धडा हाच. घोड्यावरून जायचे तर आधी काय काय पाहायचे? जमीन पाहायची, पाणी पाहायचे, घोडा पाहायचा आणि दुसऱ्याचे पीक पाहायचे. हे सगळे आधी कागदावर मांडायचे. त्याला म्हणतात आखणी."

१. त्या दिवशी काय झाले?

आखणी करण्याआधी लढाई समजून घेऊ.

१८०२ सालच्या शेवटी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. शिंदे आणि भोसले यांना तो मान्य नव्हता. त्यातून १८०३ साली युद्ध पेटले.

२३ सप्टेंबरला वेलस्लीचे सैन्य सकाळपासून सुमारे २२ किलोमीटर चालून आले. ते दक्षिणेकडून आले. मग कळले, की शिंदे-भोसल्यांची छावणी अगदी जवळ, केळनेच्या पलीकडे आहे. इंग्रजांचे दुसरे सैन्य दुसऱ्या दिवशी येऊन मिळणार होते. वेलस्ली त्याच्यासाठी थांबला नाही.

त्याच्याकडे प्रत्यक्ष लढायला उतरलेली माणसे ४,५०० च्या आसपास होती. समोर कवायती पायदळच १०,००० हून अधिक होते. तोफा शंभराच्या घरात होत्या. घोडदळ तर ३०,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. मध्ये केळना नदी. तिच्या दरडी उंच. समोरून नदीत उतरावे तर तोफांच्या तोंडी जावे.

वेलस्लीने वाटाड्यांना विचारले, "खाली कुठे उतार आहे का?" उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येते ती जागा. वाटाडे म्हणाले, "जवळपास उतार नाही."

आबा मध्येच म्हणाले, "त्यांना सांगायचं नसेल!"

सगळे हसले. गुरुजीही हसले.

मग वेलस्लीने स्वतः पाहिले. नदीच्या दोन काठांना दोन गावे समोरासमोर दिसली. एक पिंपळगाव, दुसरे वरूड. त्याने मनाशी म्हटले, 'दोन गावे इतकी जवळ आहेत, मध्ये नदी आहे, तर माणसांनी येण्याजाण्याला वाट ठेवलीच असेल.' तो तिकडे वळला. उतार सापडला. त्यावर पहारा नव्हता. त्याचे सैन्य त्या जागी नदी उतरले आणि दोन नद्यांच्या मधल्या जमिनीत उभे राहिले.

२. काकू काय म्हणाल्या

गुरुजींचे बोलणे संपताच काकू म्हणाल्या, "गुरुजी, ह्यात त्या सायबाचं एवढं काय शहाणपण? समोरासमोर दोन गावं असली, की सोयरीक असतेच. लेकीला माहेरी जायला वाट लागती. बाजाराला जायला वाट लागती. माझं माहेर केळनेच्या पल्याड. लग्न होऊन मी गाडीतनं आले, ती उतारातनंच आले. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं!"

"सांगितलं असतंत?" आबांनी डोळे मिचकावले.

"त्याला न्हाई," काकू म्हणाल्या. "आपल्या माणसांना. 'इथं पहारा बसवा' म्हणून."

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "काकू, तुम्ही फार मोठी गोष्ट बोललात. जी गोष्ट त्या सेनापतीने अंदाजाने ओळखली, ती आपल्या गावातील प्रत्येक सासुरवाशिणीला ठाऊक असते. पण ठाऊक असून उपयोग नाही. ती वेळेवर विचारली गेली पाहिजे, आणि सांगितली गेली पाहिजे. त्या दिवशी ज्याने जमीन वाचली, त्याचे काम झाले."

मंडळी, तुम्ही अक्षरे आता शिकलात. पण जमीन तुम्ही लहानपणापासून वाचता. ढेकूळ हातात घेतले की ओल कळते. बाभळीची रांग दिसली की ओढा कळतो. हेही वाचनच आहे. आता ह्या दोन्ही वाचनांची जोड घालायची.

३. लढाईचा शेवट

इंग्रज बाजूने येतात असे पाहून शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली सगळी फळी फिरवली. हे काम सोपे नव्हे. वेलस्लीला त्याची अपेक्षा नव्हती. इंग्रजांची एक तुकडी ठरलेली दिशा सोडून असई गावाकडे सरकली. तिच्यावर तोफांचा मारा झाला आणि तिची दाणादाण उडाली. वेलस्लीचा एक घोडा त्याच्याखाली मारला गेला, दुसऱ्याला भाला लागला.

मराठ्यांच्या तोफचींनी शर्थ केली. ते तोफा सोडून हटले नाहीत. पण मराठ्यांचे मोठे घोडदळ बहुतेक बाजूलाच राहिले. संध्याकाळपर्यंत लढाई इंग्रजांनी जिंकली. ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. पण त्यांची १,५०० हून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. म्हणजे लढलेल्या दर तीन माणसांत एक. मराठ्यांकडील हानी ह्याहून मोठी.

आणि ध्यानात ठेवा, इंग्रजांच्या बाजूनेही पुष्कळ शिपाई इथलेच, हिंदुस्थानचे होते. दोन्हीकडून आपली माणसे मेली.

डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. मुलूख गेला. हाच वेलस्ली पुढे १८१५ साली युरोपात वॉटर्लू येथे नेपोलियनविरुद्ध जिंकला. तरी म्हातारपणी तो असईच्या लढाईलाच आपली सर्वांत चांगली कामगिरी मानी.

४. कधी जायचे?

"आता सांग बापू," आबा म्हणाले, "सप्टेंबरात आपली जमीन कशी असती?"

"काळी. ओली."

"घोड्याचा पाय गुडघ्याइतका रुतला तर?"

बापू बोलला नाही.

काळी जमीन पावसात चिकट होते. घोड्याचा पाय रुततो, शीर ताणते, नाल निघून येतो. सप्टेंबरात कापूस, मका, सोयाबीन रानात उभे असते. नदीला अचानक पूर येतो. म्हणून तो महिना चांगला नव्हे. चैत्र-वैशाखात तीच जमीन तडकते. भेगांत घोड्याचा खूर अडकून पाय मोडण्याची भीती असते. शिवाय ऊन आणि पाण्याची ओढ.

मग उरले पौष आणि माघ. हवा थंड, जमीन टणक, नदीला पाणी कमी. पण रानात ज्वारी, हरभरा, गहू उभा असतो. म्हणून त्या दिवसांत वाट सोडायची नाही.

"म्हणजे २३ सप्टेंबर नको?" बापूने विचारले.

गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी वर्गात लढाई वाचू. घोडे पौषात काढू. तारीख पाळण्यापेक्षा घोड्याचा पाय सांभाळणे बरे."

५. घोडा किती चालेल? किती ओझे घेईल?

वरातीचा घोडा दिसायला देखणा असतो. ढोल-ताशाला तो बुजत नाही. पण त्याला सावकाश आणि थोडे चालायची सवय असते. लांब जायचे तर महिनाभर आधी रोज थोडे थोडे चालवून त्याला सवय करावी. एकदम काढू नये.

जुन्या काळी भीमा आणि नीरा नद्यांच्या काठचे भीमथडी घोडे प्रसिद्ध होते. अंगाने लहान, पण काटक. मराठ्यांच्या घोडदळाचा तो आधार होता. आजही घोडा घ्यायला लोक दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजाराला जातात.

पण घोडा कोणताही असो, हे हिशेब पाठ करा.

ओझे: घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे घालू नये. घोडा ३०० किलोचा असेल तर ओझे ६० किलो. ह्यात खोगीरही आले. खोगीर १० किलोचे, तर स्वार ५० किलोचा.

"म्हणजे मी पायीच!" आबा म्हणाले. त्यांच्या पोटाकडे पाहून सगळे हसले.

चाल: घोडा पायी चालीने तासाला सुमारे ६ किलोमीटर जातो. दिवसाला २० किलोमीटर पुरे. तासा-दीड तासाने उतरावे, तंग सैल करावा, घोड्याला उभे राहू द्यावे.

पाणी: कामाच्या दिवशी एका घोड्याला सुमारे ४० लिटर पाणी लागते. दहा घोडे असले तर?

वर्गातल्या सगळ्यांनी पाटीवर गुणाकार केला. ४० गुणिले १० म्हणजे ४०० लिटर.

"म्हणजे २०० लिटरची दोन पिंपं," काकू म्हणाल्या. उत्तर सर्वांत आधी त्यांचे आले.

एवढे पाणी कुणाच्या विहिरीवर मिळेल, हे आधी विचारून ठेवावे. पौषात विहिरीला पाणी असते, पण ते शेतकऱ्याच्या गव्हासाठी असते. फुकट मागू नये.

चारा: घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याच्या दुप्पट कोरडी वैरण लागते. ३०० किलोच्या घोड्याला ६ किलो. पाणी आधी पाजावे, दाणा मागून द्यावा. घाम आलेल्या घोड्याला लगेच दाणा देऊ नये. त्याला सावकाश फिरवून निववावे, थोडे थोडे पाणी पाजावे. घोड्याला ओकारी येत नाही. खाल्लेले बाधले तर पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा मरतोही. घोडा सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, तर पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे.

निघण्याआधी: नालबंदाकडून नाल तपासून घ्यावेत. पाठीवर जखम असेल तर त्या घोड्यावर खोगीर घालू नये. धनुर्वाताची लस टोचलेली असावी. घोड्याला हा रोग फार लवकर जडतो.

६. वाट कोणती?

भूमि अभिलेख कार्यालयात गावाचा नकाशा मिळतो. त्यात तुटक रेघा असतात. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. ह्या वाटांनी जावे. शिवरस्त्याने, पाणंदीने जावे. पिकातून जाऊ नये.

डांबरी रस्ता शक्यतो टाळावा. त्यावर नालबंद घोडा घसरतो. ट्रकचा भोंगा ऐकून बुजतो.

बापू म्हणाला, "फोनमधे सगळा रस्ता दिसतो की!"

"रस्ता दिसतो," काकू म्हणाल्या, "चिखल दिसत न्हाई. आणि माझी ज्वारीबी दिसत न्हाई."

म्हणून आखणी करणाऱ्याने एकदा पायी सगळी वाट फिरून यावे. वाटेवरच्या प्रत्येक शेतकऱ्याला भेटावे. 'अमुक दिवशी दहा घोडे येतील. ह्या बांधाने जातील. नुकसान झाले तर आम्ही भरून देऊ' असे तोंडावर सांगावे. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. अर्ज आता तुम्हाला लिहिता येतो. तो दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

७. उतार ओलांडताना

जिथे दोन्ही काठांवर गाडीची चाकोरी उतरते, तिथे उतार समजावा. पाणी पसरट आहे, खडक-गोट्यांवरून खळखळते, तिथे बहुधा उथळ असते. पाणी संथ आणि काळे दिसले, तर तिथे डोह असतो.

आधी माहितगार माणसाने काठी घेऊन पायी जावे. मग एकेक घोडा जावा. पाण्यात घोडा थांबू देऊ नये. थांबला की काही घोडे पाण्यातच बसतात. पाणी गढूळ झाले, वाढू लागले, तर मागे फिरावे. मागे फिरण्यात लाज नाही.

चालताना रांग धरावी. दोन घोड्यांत एका घोड्याएवढे अंतर असावे, म्हणजे लाथ बसत नाही. डोक्यावर हेल्मेट असावे. असईकडे सरकलेल्या त्या तुकडीची आठवण ठेवावी. ठरलेली वाट कुणी एकट्याने सोडू नये.

८. रणांगणावर गेल्यावर

रणांगणावर आज पिके डोलतात. तिथे तोफा दिसणार नाहीत. पण दोन नद्या दिसतील. दरडी दिसतील. गावे आपल्या जागी दिसतील. केळनेच्या दक्षिण काठाला उभे राहावे आणि विचार करावा, 'मी असतो तर कुठून उतरलो असतो? मी पलीकडे असतो तर पहारा कुठे बसवला असता?' मग घोड्यावरून उतरावे. जिथे हजारो माणसे पडली, तिथे घोडा दौडवू नये.

जुनी गोळी, तोफगोळा अशी वस्तू सापडली तर उचलून नेऊ नये. सरकारी अधिकाऱ्यांना कळवावे. जमीन उकरू नये. ते कुणाचे तरी शेत आहे.

बापूने सगळे वहीत उतरून घेतले होते. तो काकूंजवळ गेला. म्हणाला, "काकू, मागं तुमच्या ज्वारीतून गेले त्यात मीपण होतो."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. तुझी गाडी वळखती मी."

"ह्या पौषात पेरणीचं, राखणीचं काय काम असेल ते सांगा. आणि उतार दाखवायला तुम्ही पुढं चला."

"पुढं चालीन," काकू म्हणाल्या. "पण घोड्यावर न्हाई हं! पायी."

त्यांनी खडू घेतला. फळ्यावरच्या खालच्या रेघेवर एक फुली मारली. फुलीशेजारी सावकाश, एकेक अक्षर जुळवीत लिहिले: उतार.

शब्दांचे अर्थ

उतार – नदी ओलांडता येते ती जागा
दरड – नदीचा उंच, उभा काठ
कवायती – शिस्तीचे शिक्षण घेतलेले
तंग – खोगीर आवळण्याचा पट्टा
नालबंद – घोड्याच्या खुराला नाल ठोकणारा. तसेच नाल ठोकलेला
निवविणे – थंड करणे
पाणंद – दोन शेतांमधील वाट

प्रश्न

१. वेलस्लीने उतार कसा ओळखला? काकूंनी तो कसा ओळखला असता?
२. सप्टेंबरात आणि वैशाखात काळ्या जमिनीवर घोडे का नेऊ नयेत?
३. घोडा ३५० किलोचा आहे. खोगीर १० किलोचे आहे. स्वार जास्तीत जास्त किती किलोचा असावा?
४. सहा घोड्यांना दोन दिवसांत किती लिटर पाणी लागेल?

करून पाहा

तुमच्या गावाचा नकाशा कागदावर काढा. नदी, ओढा, पाणंद, विहिरी दाखवा. घरातील सर्वांत वडील बाईला विचारा, 'तुम्ही माहेरी कोणत्या वाटेने जात होता?' ती वाट नकाशात काढा आणि तिचे नाव लिहा.